पंख्यातला कापूस

चिप मंगळवारी आली, कुरियरने.
आगपेटीहून लहान, काळ्या स्पंजात रोवलेली,
पोटाला नऊशे अठ्ठ्याऐंशी पिना.
बावीसशे रुपये. वापरलेली.
कुणाच्या कपाळातून काढली, विचारलं नाही.

पुण्याहून भाग्येश फोनवर,
"आत्या, दोनाचे चार कोअर होतील.
नवा घेण्यापेक्षा कितीतरी स्वस्त."
दोनाचे चार म्हटलं की मला लग्नच आठवतं,
आणि तेही सगळ्यांना लाभतं असं नाही.

मे महिना. दोंडाईचा. चव्वेचाळीस.
स्टेशन रोडला मिरचीचा ठसका.
हिलालभाऊंच्या दुकानातला कूलर
स्वतःच धापा टाकत होता.
टेबलावर ठेवला आमचा लॅपटॉप,
जिनिंगच्या ऑफिसात अकरा हंगाम काढलेला:
गाडी, वजन, घट, उतारा,
शेतकऱ्याचं नाव, परत वजन.
आता एक पावती निघेपर्यंत
काट्यावरचा ड्रायव्हर बिडी संपवून येतो.
नवा घेऊ, म्हणतात मालक.
तीन वर्षं म्हणतात.

हिलालभाऊंनी चिप उजेडात धरली, खाली ठेवली.
"ताई, हाई बदलीसन काय व्हई?
पाईप तोच, पंखा तोच,
हाऊ नवा आखो जास्ती तपी.
बैलगाडीले ट्रॅक्टरनं इंजिन लावं
त आस मोडी जाई."

मग दहा स्क्रू.
एक हरवला, टेबलाखाली दोघं वाकलो,
सापडला नाही. नऊ.

आत कापूस.
पंख्याच्या जाळीवर बोटभर जाड,
करडा, दाबून बसलेला, घोंगडीसारखा.
आणि खाली ती पांढरी पेस्ट,
अमरावतीच्या पात्रासारखी तडकलेली.
"हाऊ हळू नही व्हता, ताई.
कोंडायेल व्हता."

मला इथे स्वतःबद्दल काहीतरी सुचत होतं.
सत्तेचाळीस वय, गुडघे,
मालकांनी आणलेला तो नव्या सॉफ्टवेअरचा पोरगा.
मी सुचू दिलं नाही.
यंत्राला यंत्र राहू द्यावं,
त्याला आधीच खूप काम असतं.

साफसफाई दोनशे, पेस्ट पन्नास,
एसएसडी चौदाशे, जुनी हार्डडिस्क परत.
बावीसशे मात्र कुठे लिहू?
खर्च म्हणावा तर वस्तू हातात आहे,
वस्तू म्हणावी तर उपयोग नाही,
आणि चूक नावाचं सदर
कुठल्याच खातेवहीत नसतं.

चालू केला. मी मनात मोजत होते.
एकवीसला स्क्रीन आली.
अठ्ठ्याण्णवचं तापमान एकाहत्तर.
हिलालभाऊंनी पाणी प्यायलं
आणि जिंकल्यासारखं काही बोलले नाहीत.

"पण आमचा हंगाम तर थंडीत असतो," मी म्हटलं.
"डिसेंबरात एकदा घालून पाहिली तर?"
ते दुसऱ्या कुणाचा मोबाईल उघडत होते.
"पाहा," म्हणाले. एवढंच.

निघताना त्यांनी तो बोळा कचऱ्यात टाकायला उचलला.
मी मागून घेतला.
का, ते तेव्हा कळलं नाही.
रिक्षात बसल्यावर बोटं आपोआप चालू लागली,
चिमूट धरून ओढायची, परत जुळवायची, परत ओढायची,
गाडी उतरली की पहिलं हेच करतो आम्ही.

धुळकट. तेलकट. भाव शून्य.
पण धागा लांब होता,
एकोणतीस तरी भरला असता.