मेणाला कळलंच नाही

केमियार्वी. उणे एकोणतीस. सकाळी आठला काळोखच.
तेवीस वर्षांची टोयोटा चालू होते
आणि भोकाड पसरते: अठराशे, अठराशे,
पंधरा मिनिटं झाली तरी.
शेजारी तक्रार करत नाहीत. पडदा तेवढा हलतो.

सेन्सर बदलला. थर्मोस्टॅटही.
युसीला शिव्या घातल्या; तो तर केव्हाच ओउलूला गेला.

रविवारी आर्वोने गार इंजिनावर वाकून,
हातमोजा दातांत धरून
रेडिएटरचं झाकण फिरवलं. पाणी चार बोटं खाली.
"हवा अडकलीय. वाल्वमधल्या मेणापर्यंत
ऊब पोचतच नाही. त्याला कोण सांगणार?"

कूलंट ओतलं, गाडी चालू ठेवली.
एक बुडबुडा, मग ढेकरावर ढेकर.
काटा उतरला. हजार. साडेआठशे.

एवढ्या शांततेत काय बोलावं सुचेना.
"हे पाने युसीचे ना?"
असू देत, म्हटलं.