एक पंधराचं, एक दहाचं

मंगळवार आणि शुक्रवार, साडेनऊची गाडी,
महूनाक्यावर ते दोघं चढतात.
आधी काठी, मग काकू, मग काका,
आणि मी विचारायच्या आत
निघोजकर काका म्हणतात,
“एक पंधराचं, एक दहाचं.”

पूर्वी म्हणायचे, “दोन एमवाय.”
तेव्हा दहातच एमवाय यायचं.
मग एका सोमवारी डेपोत नवा तक्ता लागला,
मशीनमध्ये कुणीतरी आकडे भरले,
आणि जुन्या इंदौरच्या पुलाअलीकडे
जिथे एक सायकलचं दुकान सोडून काहीच नव्हतं
तिथे टप्पा तुटायला लागला.

जायचे पाच, यायचे पाच.
महिन्याचे किती, मी हिशेब करत नाही.
त्यांनी केलेला आहे.
वयस्करांचा पास? त्या खिडकीवर कागद डकवलाय,
पुढील सूचनेपर्यंत.
कागद पिवळा पडला,
सूचना काही पुढे आली नाही.

सायकलच्या दुकानाशी काका उतरतात.
उतरण्याआधी एक्स-रेचं पाकीट काकूंच्या मांडीवर,
आणि मला, “पानसे, हिला नीट उतरवा हं,
चांगला पाय आधी टाकते ती, टाकू देऊ नका.”
मला पाठ झालंय.
तरी दर वेळी सांगतात.

मग गाडी निघते, आणि काकाही.

पहिली शंभर पावलं आम्ही जिंकतो.
मग पुलावर ट्रॅक्टर आडवा,
छावणीत गोण्या उतरताहेत भर रस्त्यात,
ई-रिक्षावाला ओरडतोय, “अरे भिया, गाडी है, हवाई जहाज नहीं!”
आणि काकू कुणालाही न सांगता सांगतात,
“आले.”
काळी छत्री, उन्हासाठी,
खिडकीच्या बरोबरीला येते.
काकू काच सरकवतात.
“दूधवाल्याचे दिलेत?”
“दिले.”
“गॅस?”
गाडी दहा हात सरकते.
उत्तर मागे राहतं,
मागच्या सीटवरची कॉलेजची पोरगी ते पुढे पोचवते,
“आजी, बंद केलाय म्हणताहेत.”

बहुतेक वेळा एमवायच्या थांब्यावर
तेच आधी असतात.
काठी घ्यायला हात पुढे.

मेमध्ये एकदा मी पंधराचीच दोन काढली.
बिनतिकीट बसू द्यायचं माझ्या हातात नाही,
चेकर चढला तर पगारातून कापतात,
पण तिकिटाला काय,
मशीनला कुणाचेही पाच चालतात.
काकांनी तिकीट डोळ्यांजवळ नेलं. वाचलं.
माझ्याकडे बघितलं नाही.
सायकलचं दुकान गेलं, ते बसून होते.
पूल गेला.
छावणीत गाडी रुतली तशी
बोटं समोरच्या दांडीवर वाजायला लागली.
काकू सवयीनं बाहेर बघत होत्या,
फुटपाथवर त्यांचं कुणी नव्हतं.
सात-आठ मिनिटं झाली असतील.
काका उठले.
“पानसे, दार उघडा.
अशानं डॉक्टरची वेळ चुकायची.”
उतरले, छत्री उघडली,
आणि काकूंनी काच सरकवली.

शुक्रवारी पुन्हा,
एक पंधराचं, एक दहाचं.
मोजून पंचवीस.
वर वेगळे, औषधाच्या पावतीत गुंडाळलेले पाच.
“हे तुमचे राहिले होते,” म्हणाले,
आणि पुढे जाऊन बसले.
मशीनमध्ये त्यांना जागा नव्हती.
मी वरच्या खिशात टाकले, विसरलो.

रात्री डेपोत खिसे रिकामे करायचे असतात.
रोखपालानं गल्ला दोनदा मोजला,
पाच रुपये जास्त.
“हे कुठून आले?”
मी म्हटलं, चालत आले.