वाण क्रमांक सात

तेरणेकाठच्या काळ्या रानात
सोयाबीन निघाल्यावर पेरलेला हा वाटाणा.
मी तक्ता भरतोय.
उंची: मांडीएवढी. खोडून सेंटिमीटर लिहिले.
फूल जांभळं, आतल्या पाकळीला गडद.
फुलोरा एकोणसाठाव्या दिवशी.
भुरी नाही. म्हणजे थोडी आहे, बांधाकडच्या ओळीत.
शेंगेत दाणे सहा, कधी पाच.

पानांच्या टोकाला तणावे,
एकमेकांची मनगटं धरून
उभी राहिलीय अख्खी सरी.
महिनाभर राखली तर दाणा,
आज कापली तर चारा.
तक्त्यात रकाने दोन्ही आहेत,
विळा एकच.

सोजरबाई म्हणते,
"साहेब, ती उंची-फिंची ऱ्हाऊ द्या.
काल मपल्या म्हशीपुढं ह्याची पेंढी टाकली.
कडब्याचं बुडूख ठेवती ती रोज,
ह्याचं काडूकबी ठेवलं नाही.
गव्हाण चाटली. लिव्हा."

कुठं लिहू?
शेवटी 'शेरा', बोटभर जागा.
त्यात अक्षर दाबून बसवलं: गव्हाण चाटली.

मग खिशातली नमुन्याची शेंग
सोलली गुपचूप.
दाणा दाढेखाली धरला,
गोड, मागून जरासा तुरट.
नमुन्यात आता
एक शेंग कमी.