आधी बघू

वैशाखात भिंत ओली.
कूलर तर अजून माळ्यावरच,
वाळ्याच्या ताट्या भरायच्या राहिल्यात.
मानेवाड्यात नळाला पाणी येतं तास-दीड तास,
या भिंतीला चोवीस तास.

प्लंबर म्हणाला, फोडावं लागन सगळं, काकू.
मी म्हटलं, आधी बघू.

सीताबर्डीत धकात्यांच्या दुकानात
काउंटरवर तीन कॅमेरे, वायरीच्या टोकाला:
एक साडेपाच मिलिमीटर, एक आठ,
एक महागडा, मान वळवून बघणारा.
दहा मीटरचा न्या, पोरगा म्हणे.
दहा मीटरमध्ये मी शेजारच्या परात्यांकडे पोचीन!
नरम वायर आत गेली की शेवयांसारखी लोळते,
म्हणून वाकवली तशी राहणारी निवडली,
एक मीटर, बारीक, डोक्याला सहा दिवे.
चालते का दाखवायला
त्याने ती स्वतःच्याच मुठीत घातली:
फोनवर लाल अंधार, रेषा,
भाजल्याचा एक जुना डाग.

घरी मेन स्विच बंद केला,
बोर्ड उघडून वायर सरकवली.
विटा. मुंग्यांची माती. विडीचं थोटूक.
मग पाइपचा सांधा,
त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी,
गाठ डावखुरी.

हे म्हणाले होते,
पंधरा वर्षं काही होत नाही बघ.
एकोणीस झाली.
वरची चार ट्यूबनं पदरची घातली.

दिवे थोडे मंद केले.
थेंब जमतो, लोंबतो, सुटत नाही लवकर.
फोनवर प्लंबरचं नाव चमकून राहिलं.
थांब ना बाप्पा,
हा एक पडू दे.