मर्जी

दवाखाना बाबांचा. खुर्ची, काचेचं कपाट,
बुचाच्या दोनशे बाटल्या, आणि दारावरची पाटी,
जिच्यावर मी फक्त नाव बदललं.
रामबागेतल्या जुन्या लोकांना अजून वाटतं
आतून खोकत तेच येतील.

बाबा म्हणत, रोग शत्रू नव्हे, निरोप्या आहे.
त्याला दारातच मारू नये, काय म्हणतो ते ऐकावं.
हे वाक्य मी चोवीस वर्षं वापरलंय.
इसबाला, अर्धशिशीला,
परीक्षेच्या आदल्या रात्री पोट बिघडणाऱ्या मुलांना
ते लागूही पडतं.

केतकी तारे आली तेव्हा फाल्गुन होता.
मांडीवर शाल्मली, नऊ महिन्यांची,
चार गोळ्या उरलेली बाटली कानाशी खुळखुळवत.
अंगणवाडीतून परमार सिस्टरचा तिसरा निरोप आला होता.
पर्समध्ये कार्ड, दुमडून चौघडी केलेलं.
"ताई, हे म्हणतात नैसर्गिकच वाढू दे.
सासूबाई म्हणतात, गोवर काय, आम्हा सगळ्यांनाच आला.
तुम्ही काय म्हणता?"
मग जरा थांबून,
"तुमच्या अर्चितला दिली होती का हो?"

बाहेर कचऱ्याची गाडी आपलं गाणं वाजवत गेली.
तेवढा वेळ मला मिळाला.

दिली होती. सगळ्या दिल्या, तारखेला दिल्या.
तेव्हा बाबा होते. बँकेत जाते म्हणून सांगितलं
आणि रिक्षा करून थेट एम.वाय.ला.
परतल्यावर मांडीची सूज दिसू नये म्हणून
भर वैशाखात पोराला पायजमा.
बाबांनी पायजम्याकडे पाहिलं.
"घामोळं येईल," म्हणाले,
आणि पेपरात डोकं घातलं.

केतकीला मी म्हणाले, "शेवटी तुमची मर्जी."

किती सभ्य शब्द. कुणाला लागत नाही,
कुणाला बांधत नाही,
आणि म्हणणाऱ्याचे हात बोलता बोलताच धुऊन निघतात.

आमच्या इथे शीतलामाता बाजारात साड्या मिळतात.
जिच्या नुसत्या नावानं कधीकाळी गल्ल्या ओस पडत,
तिच्या नावाच्या रस्त्यावर आता फॉल-पिको, मॅचिंग ब्लाउजपीस.
देवी गेल्या. कशा गेल्या
ते माझ्या दंडावर आहे, चवलीएवढं, गोल.
दवाखान्यात मी कोपरापर्यंत बाह्यांचे ब्लाउज घालते.
त्याचं कारण हे नाही, असं मी इतकी वर्षं समजत होते.

पुढच्या वर्षी होळीनंतरच्या सप्तमीला,
माळव्यात ज्या दिवशी चूल पेटवत नाहीत,
शाल्मलीच्या कानामागे पुरळ उठलं.
पाचव्या दिवशी छाती भरली. अकरा दिवस दवाखान्यात,
मोठ्या, खऱ्या
(हा शब्द माझ्याच मनात आला, दुसरं कुणी नव्हतं).
एकदा मी फाटकापर्यंत गेले, संत्री घेऊन.
संत्री रिक्षावाल्याला दिली.

पोर वाचली.
आणि केतकी परत माझ्याकडेच आली,
हे मला अजून सोसत नाही. भांडली असती तर.
"कान वाहायचा थांबलाय, ताई,
पण हाक मारली तर कधी कधी वळतच नाही.
कानासाठी आहे का काही, आपल्यात?"

आपल्यात.

शाल्मलीनं टेबलावरची बाटली उचलली.
डाव्या कानाशी हलवली. थांबली.
उजव्या कानाशी नेली,
आणि हसली.

"केतकी," मी म्हणाले, "अर्चितला मी सगळ्या लसी दिल्या होत्या.
तू विचारलंस, तेव्हा सांगितलं नाही."

ती पर्सची चेन उघडत होती.
हात थांबला नाही. चेन पूर्ण उघडली, आत पाहिलं,
सुटे शोधले.

"किती झाले?" म्हणाली.