किनाऱ्यापासूनचं अंतर

भूगोल विभागानं मला दिलेत दोन तास,
तिसऱ्या आठवड्यातला गुरुवार, जेवणानंतर.
वेळापत्रकात नुसतंच लिहिलंय : ग्रंथालय.
मुलं डुलक्या घेतच येतात.
नुकूसवर आज वारा उत्तरेचा,
म्हणजे खिडकीच्या चौकटीत मीठ.
बोटानं ते पुसते, बोट रुमालाला,
आणि फळ्यावर एकच प्रश्न लिहिते :
मोयनाकपासून समुद्र किती लांब?

सोपं आहे, म्हणतात. पाच मिनिटांत मोकळे.

बीबीनाजला जुन्या अ‍ॅटलासात सापडतं : शून्य.
गाव पाण्याला टेकलेलं,
निळ्या शाईत पाय सोडून बसलेलं.
तोरेबायला सापडतात चाळीस किलोमीटर.
कुणा हॉटेलच्या जाहिरातीत
'समुद्रकाठची निवांत खोली'.
जुमागुलला फोन शंभराच्या वरचा आकडा देतो,
न अडखळता, वर संदर्भही :
अमुक नियतकालिक, अमुक अंक, पान दोनशे बारा.
चला, म्हणते मी, काढू या.
शिडी लावतो. धूळ. अंक मिळतो.
एकशे चाळिसाव्या पानावर तो संपतो.
जुमागुल मागचा पुठ्ठा उलटून पाहते,
पुन्हा एकदा,
जणू उरलेली पानं चिकटली असतील.

मग सांगते, गावाचं नाव तऱ्हेतऱ्हेनं शोधा.
आमच्या भाषेनं लिपी बदलली, पुन्हा बदलली,
कॅटलॉगच्या कार्डांना कुणी कळवलं नाही.
एका लिपीत जे गाव सापडत नाही
ते दुसऱ्या लिपीत अजून मासे डब्यांत भरतंय.

फळ्यावर आता सात आकडे.
यातला खरा कुठला?
शेजारी तारखा लिहा, म्हणते.
लिहितात. आकडे रांगेला लागतात
आणि समुद्र फळ्यावरून मागे सरकू लागतो,
खडूच्या एकेका रेघेनं.
आता कुणी डुलकी घेत नाही.

सापारबाय शेवटच्या बाकावर. मोयनाकचाच.
वही कोरी.
"आमच्या अंगणात नांगर आहे," म्हणतो,
"जहाजाचा. शेळी बांधतो त्याला.
हे चालेल, की हे सांगोवांगी?"
लिही, म्हणते. कुणी पाहिला, कुठे, केव्हा.
"आजोबांना विचारलं तर उठून जातात."
तेही लिही. तारखेसकट.

तो लिहीत नाही. हात वर करतो.
"खोलीचे नकाशे हवेत. जुने, मच्छीमारांचे.
घरापुढे किती वाव पाणी होतं
ते पाहायचंय."

इथे तास संपला म्हणता आलं असतं मला.
घड्याळही त्या बाजूचं होतं.
नऊ नंबरचं कपाट उघडते,
तळातलं रजिस्टर काढते, बाद नोंदींचं,
पान शोधावं लागत नाही.
'खोलीदर्शक नकाशे, नग एकतीस.
कारण : पाणी नाही. रद्दीत जमा.'
खाली सही. गोल, नीटस.
तेव्हा मी तेवीस वर्षांची,
आणि या कपाटात नवी पुस्तकं मावत नव्हती.

सापारबाय वाचतो. मग रजिस्टर बाकाबाकांवरून फिरतं.
कुणीतरी सही पाहतं, मग माझ्याकडे,
मग पुन्हा सही.

हाही स्रोतच, म्हणते मी. घसा खरखरतो, मीठच असेल.
बाकीच्यांना जे विचारलंत ते यालाही विचारा :
कुणी लिहिलं. कधी. कुणाच्या सांगण्यावरून.
काय लिहायचं राहिलं.

बराच वेळ खिडकीच वाजत राहते.
मग बीबीनाज पेनचं टोपण काढते.
"इथे तारीख पुसट झालीये," म्हणते,
"तुम्हीच वाचून दाखवा."