पेव फुटलं, त्याचं कारण

पुण्याहून एक जण आला. वहीत उत्तरं आधीच लिहून आणलेली,
त्याला फक्त कारण हवं होतं.
मी म्हटलं, बसा. अठ्ठावन्न नंबरची ट्रॉली काट्यावर आहे.

लोक म्हणतात, प्रणोतीचा आवाज.
असेल. पण तो आवाज सहा वर्षं होताच की,
कॉलेजच्या गॅदरिंगला, विष्णुघाटाच्या पायऱ्यांवर,
अकरा माणसांपुढं,
त्यातली चार आमच्याच घरची.

लोक म्हणतात, जुनेदची गिटार.
मिरजेत सतारीच्या दुकानात, भोपळ्यांच्या ढिगाशेजारी बसून
त्यानं गिटारच्या घोडीवर कानशीनं जवारी काढली.
आजोबा दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत.
तिसऱ्या दिवशी म्हणाले,
केसभर अजून घास.

नाव श्रेणिक मगदूमचं: पेव.
पुरात हरिपूरची हळदीची पेवं बसली,
त्याच्या मामाच्या रानात एक शाबूत राहिलं.
आधी कंदील सोडायचा.
कंदील विझला तर सराव रद्द.
नाही विझला तर शिडी, मग दोरीला बांधलेले ड्रम,
मग आम्ही.
खाली आवाज लगेच परत यायचा नाही,
भिंतींना टेकून, जरा विचार करून यायचा.
त्याच्यासाठी जागा सोडत सोडत आम्ही वाजवायला शिकलो.
आणि शिंकायला. वर आलो की रुमाल पिवळे.

मी बेस वाजवायचो.
मग काट्यावर जागा निघाली.
भांडण झालं नाही, सांगण्यासारखं काहीच झालं नाही.
बेस इचलकरंजीच्या एका पोराला विकला,
पट्टा तेवढा ठेवला. का, माहीत नाही.

आता ती रात्र.
जानेवारी, गव्हाण बंद पडलेली, यार्डात दीडशे ट्रॅक्टर उभे.
थंडीनं उसाच्या पाचटाचाही आवाज येईना.
पाटोद्याच्या रामकिसन सानपच्या ट्रॅक्टरवर
फ्रिजएवढे दोन बॉक्स,
आणि एकच गाणं, सकाळपासून सदतीस वेळा.
मी मोजलं होतं. मोजायचाच पगार घेतो.
शेवटी खिडकीतून माझं कार्ड दिलं:
बाबा, हे लाव, नाहीतर बंद कर.

सात मिनिटांचं गाणं.
पहिलं दीड मिनिट नुसता बेस.
पुण्याच्या स्टुडिओवाल्यानं तेच कापा म्हणून सांगितलं होतं,
मोबाइलवर ऐकूच येत नाही म्हणे.
खरंच यायचं नाही.

त्या बॉक्सवर आलं.
ट्रॉलीच्या साखळ्या आधी हलल्या,
मग माझ्या चहावरची साय,
मग वजनाच्या पडद्यावर शेवटचा आकडा
वीस किलो वर, वीस किलो खाली.
शेकोटीजवळची माणसं गप्प झाली.
सानप म्हणाला, हे कोण वाजवतंय?
मी म्हटलं, सांगलीची पोरं आहेत.

पहाटेपर्यंत चाळीस ट्रॅक्टरांत गेलं ते.
हंगाम संपला तेव्हा बीडला गेलं, अथणीला गेलं,
वरातीत गेलं, जिथं त्यावर नाचता येत नाही
तिथंही लोक नाचले.
मग ते मुंबईला ऐकू आलं.
पेपरात मथळा आला: ‘पेव फुटलं’.
हा विनोद सुचायला त्यांना सहा वर्षं लागली.

आता त्यांच्याकडं बंगळूरचा बेसवाला आहे. चांगला आहे.
ते दीड मिनिट तो माझ्यापेक्षा स्वच्छ वाजवतो.

चष्मेवाल्यानं विचारलं, मग नेमकं कारण काय लिहू?
आमच्याकडं हिशेब सोपा असतो:
भरलेली ट्रॉली वजा रिकामी ट्रॉली, उरला तो ऊस.
पण यातली रिकामी ट्रॉली कुठली,
ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्यानं लिहिलं: आवाज, जवारी, वेगळेपणा.
मी पावती फाडली.
एकशे बारा नंबर आत येत होता,
खिडकीची काच आधीच थरथरायला लागली होती.